लेखनसीमा : मराठी पत्राच्या शेवटच्या ओळीची गोष्ट

जुन्या मराठी पत्रांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातला बहुतेक भाग मायन्यावर आणि मजकुरावर आहे. श्रीमंत, राजश्री, अखंडितलक्ष्मीअलंकृत, तीर्थस्वरूप, चिरंजीव या मायन्यांच्या याद्या शाळेच्या पुस्तकांतही असत. पत्राचा शेवट मात्र दुर्लक्षित राहिला. ‘बहुत काय लिहिणे’ आले की वाचणारा पान उलटतो, कारण पुढे नवीन काही नसते असे तो धरून चालतो. गेली वीसेक वर्षे मी हिंगोली, औंढा, सेनगाव, कळमनुरी, वसमत या भागातले मोडी कागद वाचतो आहे. कोणत्याही विद्यापीठात मी हे शिकलेलो नाही, कागदांनीच शिकवले. या वाचनातून माझे असे मत झाले आहे की, पत्र कोणी कोणाला कोणत्या नात्याने लिहिले आणि ते खरे की बनावट, हे ठरवण्याची सामग्री पुष्कळदा त्या शेवटच्या ओळीत असते. सभ्यतेची ती ओळ एके काळी कुलपासारखी होती. ते कुलूप कसे घडले आणि कसे गळून पडले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

विषयाला चालना मिळाली ती मात्र परदेशातून. पुण्यात एका जपानी कंपनीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने मला एकदा सांगितले की, तिथल्या मेलमध्ये मजकूर चुकला तर निभावते, पण शेवट चुकला तर लोक अस्वस्थ होतात. जपानी औपचारिक पत्रात पहिला आणि शेवटचा शब्द यांची जोडी ठरलेली असते. ‘हाइकेई’ने, म्हणजे नमस्कारपूर्वक निवेदनाने सुरुवात केली, तर शेवटी ‘केइगु’ यावे लागते. ‘झेनर्याकु’ म्हणजे ‘आरंभीचे उपचार वगळून’. अशी सुरुवात असेल तर शेवट ‘सोसो’, म्हणजे ‘घाईत लिहिले’, असा करायचा. रोजच्या कामकाजी मेलच्या शेवटी ‘योरोशिकु ओनेगाई इताशिमासु’ असते. यातला ‘ओनेगाई’ म्हणजे विनंती आणि ‘योरोशिकु’ म्हणजे चांगल्या प्रकारे, अनुकूलतेने. पुढेही आपली मर्जी राहू द्यावी, अशी ती विनंती.

हे ऐकून मी म्हणालो, ‘‘अरे, हे तर आपले ‘लोभ असावा ही विनंती’ झाले!’’ त्याला ते वाक्य माहीत नव्हते. त्याच्या पिढीने ते कधी लिहिलेच नाही.

जोडीचा नियम तर आपल्याकडे जपान्यांइतकाच काटेकोर होता. पेशवाईतले कोणतेही पत्र घ्या. वडिलांना किंवा धन्याला लिहिताना सुरुवात ‘स्वामींचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे’ अशी होई आणि शेवट ‘सेवेसी श्रुत होय, हे विज्ञापना’ असा. बरोबरीच्या माणसाला ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत जावे’ असे लिहिले की शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे, हे विनंती’ यायचे. धाकट्याला आरंभी आशीर्वाद आणि शेवटीही ‘हे आशीर्वाद’. विज्ञापना, विनंती आणि आशीर्वाद अशा या तीन पायऱ्या. पत्र ज्या पायरीवरून सुरू झाले त्याच पायरीवर संपले पाहिजे. मधल्या मजकुरात लिहिणारा कितीही रागावला, भांडला, पैशाचा तगादा लावला, तरी शेवटी त्याला आपल्या पायरीवर परत यावे लागे.

या तीन पायऱ्यांच्या बाहेर होती ती राजाची आज्ञा. शिवाजी महाराजांची अधिकाऱ्यांना गेलेली पत्रे पाहिली तर तिथे लोभाची विनंती नाही. ‘जाणिजे’ एवढा एक शब्द येतो आणि पत्र संपते. त्याच्या खाली लहान मुद्रा असे : ‘मर्यादेयं विराजते’. ‘ही मर्यादा शोभते आहे’, असा तिचा अर्थ. माथ्यावर राजमुद्रा, पायथ्याशी मर्यादामुद्रा. माथ्यावरच्या मुद्रेतला श्लोक आज घराघरांत पाठ आहे, पण पायथ्याची मुद्रा फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे पेशव्यांच्या काळात याच कामासाठी ‘लेखनसीमा’ असे सरळ शब्द कोरलेला शिक्का वापरात होता.

मर्यादा आणि सीमा हे शब्द इथे अलंकार म्हणून आलेले नाहीत. शेवटचे अक्षर जिथे संपले तिथेच हा शिक्का उमटवायचा. मग त्याच्या पुढे कोणाला एक ओळही घुसडता येत नसे. ‘अमुक गाव इनाम दिले’ या वाक्यापुढे कोणी ‘आणि तमुकही’ असे लिहू पाहील, तर त्याची वाट शिक्क्याने अडवलेली असे. आजही धनादेशावर आपण ‘रुपये पाच हजार फक्त’ असे लिहितो. तो ‘फक्त’ याच घराण्यातला आहे. उर्दू पत्रांच्या शेवटीही ‘फकत’ लिहिण्याची रीत होती. आमच्या लेखनाला इथे कुंपण घातले आहे, असे तो शब्द सांगतो.

शेवटाला लावण्याचा आणखी एक शब्द म्हणजे ‘मोर्तब सूद’. हा मूळचा फारसी. ‘मुरत्तब’ म्हणजे सिद्ध केलेले, नीट लावलेले. ‘शुद’ म्हणजे झाले. कागद पुरा झाला, शिक्का झाला, असा त्याचा अर्थ. आज एखाद्या ठरावावर ‘शिक्कामोर्तब झाले’ असे वृत्तपत्रे रोज छापतात, तेव्हा त्या पत्राच्या तळाशी असलेल्या दोन शब्दांपैकी एकाला ती नकळत जिवंत ठेवत असतात. रघुनाथपंत हणमंते यांनी शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून जो ‘राज्यव्यवहारकोश’ रचला, त्यात दहा वर्ग आहेत आणि त्यांतला एक चक्क लेखनवर्ग आहे. दरबारी लेखनातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यायचे म्हणजे राज्याची भाषा आपली करायची, ही त्यामागची दृष्टी. माथ्याची आणि पायथ्याची मुद्रा संस्कृतात कोरली जाणे हे त्याच दृष्टीला धरून होते. तरीही ‘मोर्तब’ गेला नाही. कोशापेक्षा कारकुनाचा हात चिवट असतो, हे त्यावरून दिसते.

शेवटाला एवढे महत्त्व का आले, याचे एक कारण आजच्या वाचकाच्या सहज ध्यानात येणार नाही. जुन्या मराठी पत्राच्या तळाशी सही नसे. लिहिणाऱ्याचे नाव आरंभीच्या वाक्यात येऊन जाई : अमुक यासी, सेवक तमुक याचा साष्टांग नमस्कार. तळाशी नावच नाही म्हटल्यावर पत्र त्याच माणसाचे कशावरून? मोठ्या माणसाचा मजकूर कारकुनाने लिहिलेला असे. म्हणून अनेक पत्रांत असे दिसते की सगळा मजकूर एका वळणाचा आहे आणि शेवटचे ‘बहुत काय लिहिणे, हे विनंती’ एवढे शब्द वेगळ्या, बहुधा घाईच्या, हाताने लिहिलेले आहेत. तो हात धन्याचा. नम्रतेची ती ओळ हीच त्याची सही होती. ज्याला आपण निव्वळ उपचार समजतो, तोच त्या कागदाचा पुरावा होता.

हे पत्रलेखनाचे शास्त्र सांगणाऱ्या पुस्तिकांना मेस्तक म्हणत. परंपरा त्यांचे जनकत्व यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्याकडे देते. मोडी लिपीचे आणि आमच्याकडच्या दगडी देवळांचेही श्रेय परंपरा त्यालाच देते. औंढा नागनाथाच्या मंदिराला इकडचा माणूस हेमाडपंतीच म्हणतो. आज उपलब्ध असलेल्या मेस्तकांची भाषा मात्र तेराव्या शतकातली नाही, ती पुष्कळ नंतरची आहे. पण कोणाला कसे लिहावे याचा ग्रंथ करावा लागतो, ही गोष्टच बोलकी आहे. त्याच काळाशी जोडलेली चांगदेवाची कथा सर्वांना ठाऊक आहे. ज्ञानदेवाला पत्र लिहायला बसलेला चौदाशे वर्षांचा चांगदेव मायन्यापाशी अडला. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावे, की ज्ञानाने थोर म्हणून तीर्थरूप? अखेर त्याने कोरा कागद पाठवला. मायना ठरला नाही म्हणजे शेवटही ठरणार नाही आणि दोन्ही नसतील तर मधले काही लिहिता येणार नाही, हा जोडीच्या नियमाचा तर्क त्या कथेत आहे.

आणि याच मातीतला त्याच काळातला दुसरा एक शेवट पाहा. हिंगोलीपासून जवळच नर्सी आहे, नामदेवांचे गाव. अभंगाच्या शेवटी ‘नामा म्हणे’ येते. तिथे कवी आपले नाव तळाशी घालतो आणि नुसते नाव घालतो. ना सेवक, ना विज्ञापना. दरबारी पत्रात नाव वर आणि नम्रता खाली, तर संतांच्या रचनेत नाव खाली आणि त्याला पदवी कसलीच नाही. दोन्ही रिती एकाच भाषेत शेजारी शेजारी नांदल्या.

पण पायऱ्या आल्या की त्यांवर पहारेही आले. उपचाराचा शब्द कोणी वापरायचा, हा प्रश्न आपल्याकडे शब्दावरच थांबला नाही. १७७९ सालच्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कंपनी सरकारने एक हुकूम काढला की सोनार जातीच्या लोकांनी ‘नमस्कार’ हा शब्द अभिवादनासाठी वापरू नये. मागणी पुण्याच्या पेशवे सरकारकडून आली होती. एका शब्दासाठी दोन सरकारांमध्ये पत्रव्यवहार झाला! नमस्कार ब्राह्मणांचा, रामराम इतरांचा, जोहार महारांचा, अशी ती वाटणी होती. जोहार करणाऱ्याने ‘लोभ असो दीजे’ म्हणायचे नव्हते, कारण लोभ बरोबरीच्याकडे मागायचा असतो. गावगाड्यात ज्यांच्या नावाने हजारो कागद झाले, पण ज्यांनी स्वतः पत्र लिहिल्याचा कागद क्वचित सापडतो, त्यांच्याबद्दल या विषयात बोलताना हे विसरून चालणार नाही. आपण ज्या सौजन्याची आठवण काढतो त्याला दरवाजा होता आणि तो सर्वांना खुला नव्हता.

म्हणूनच एकोणिसाव्या शतकात ज्यांनी ही व्यवस्था नाकारली त्यांनी तिचे अभिवादनही नाकारले. १८८५ साली मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना आले, तेव्हा त्यांनी पाठवलेले नकाराचे पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा शेवट त्यांनी नमस्कार-विनंतीने केला नाही, सलामाने केला. ग्रंथकारांना उद्देशून मराठीत लिहिलेल्या पत्राच्या तळाशी आलेला तो सलाम म्हणजे साऱ्या पत्राचा सारांश आहे. पुढे १९३०च्या दशकात कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ केले. मराठवाड्यात हे दोन शब्द पत्रांच्या माथ्यावर आणि तळाशी दिसू लागले, तेव्हा जोहाराची पायरी कागदावरून तरी पुसली गेली. नवीन शेवट लिहिणे म्हणजे नवीन नाते जाहीर करणे, हे त्यांना बरोबर कळले होते.

आमच्या भागात या कहाणीला आणखी एक पदर आहे, तो निजामी राजवटीचा. हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, म्हणजे इंग्रजी होती. सरकारी भाषा आधी फारसी आणि १८८०च्या दशकापासून उर्दू. गावचे हिशेब आणि घरची पत्रे मोडीत. पोथ्या बाळबोधीत. एकाच वाड्यातल्या एकाच पेटीत चार लिप्यांचे कागद सापडतात आणि प्रत्येकाची निरोप घेण्याची तऱ्हा निराळी असते. तहसिलीत जाणाऱ्या उर्दू अर्जाखाली अर्जदार स्वतःला ‘फिदवी’ म्हणवतो. फिदवी म्हणजे आपणांवरून जीव ओवाळून टाकणारा. अर्ज असतो जमिनीच्या फाळणीचा किंवा विहिरीच्या वाट्याचा, पण शेवटी जीव ओवाळावा लागे. थोरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी ‘जियादा हद्दे अदब’ असेही येई. ‘याहून जास्त लिहिणे म्हणजे अदबीची हद्द ओलांडणे’, असा त्याचा अर्थ.

हा वाक्प्रयोग मला पहिल्यांदा उलगडला तेव्हा मी तो ‘बहुत काय लिहिणे’च्या शेजारी लिहून पाहिला आणि त्याच्या शेजारी ‘लेखनसीमा’. हद्द, सीमा, मर्यादा. फारसी, मराठी, संस्कृत. तिन्ही भाषा एकच गोष्ट सांगतात की, चांगल्या पत्राला कुठे थांबायचे ते कळते. मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरील फारसीच्या परिणामावर पुस्तक लिहिले आणि माधवराव पटवर्धनांनी फारसी-मराठी कोश केला. दोघांनी शब्दांची देवघेव दाखवली. पण मला वाटते, शब्दांपेक्षा खोल अशी एक देवघेव रीतीभातींची होती आणि ती पत्रांच्या शेवटी स्पष्ट दिसते. पत्रानंतर आठवलेली गोष्ट लिहिताना आपण जो ‘ता. क.’ घालतो तोही फारसीच, ताजा कलम. सीमा आखल्यावर ती ओलांडायची सभ्य परवानगीसुद्धा आपण त्याच भाषेकडून घेतली.

मग इंग्रजी पत्राची घडी आली. तिने मराठी पत्राची रचनाच उलटी केली. नाव वरून खाली आले, सही आली आणि सहीच्या डोक्यावर ‘आपला’ बसला. आपला आज्ञाधारक, आपला विश्वासू, आपला नम्र. यांतला आज्ञाधारक हा इंग्रजी अर्जातल्या आज्ञाधारक सेवकाचा मराठी अवतार आहे. शाळेच्या रजेच्या अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ लिहिताना आपण सगळे एकदा तरी कंपनी सरकारचे नोकर झालो आहोत. सहीने पुराव्याचे काम घेतल्यावर शेवटच्या ओळीचे वजन उतरले. ती सुटी झाली, हलकी झाली आणि आखडत गेली. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि लिहायला तळहाताएवढी जागा उरली. मराठीला संक्षेपांची सवय जुनीच होती. कार्डावर ती फळाला आली : सा. न. वि. वि. आणि शेवटी क. लो. अ. ही वि. म्हणजे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ आणि ‘कळावे, लोभ असावा, ही विनंती’. माझ्या आजोबांच्या पिढीने हीच अक्षरे लिहून निम्मे आयुष्य काढले. अशुभ वार्तेच्या कार्डाचा तेवढा अपवाद. कोपरा फाडलेल्या त्या कार्डावर कुशलाची विचारपूस नसे. तिथे उपचार गाळणे हाच उपचार होता.

स्वातंत्र्यानंतर, सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली. मराठवाडा १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. राजभाषा अधिनियम १९६४चा. मोडी शाळांतून आधीच गेली होती. फिदवीची मुले ‘आपला विश्वासू’ झाली. जीव ओवाळण्यापेक्षा विश्वासू असणे केव्हाही बरे, यात शंका नाही. नागरिकाने सरकारपुढे कसे उभे राहावे, याचा निर्णय त्या दोन शब्दांत झाला होता. पण त्याच वेळी बरोबरीच्या माणसाकडे लोभ मागण्याची जी सुंदर सोय मराठीत होती ती सरकारी नमुन्यात बसली नाही आणि हळूहळू घरगुती पत्रातूनही गेली. आता मेलच्या शेवटी ‘धन्यवाद’ असते. धन्यवाद झालेल्या गोष्टीबद्दल देतात. लोभ पुढच्या दिवसांसाठी मागतात. जपानी माणूस अजून पुढच्या दिवसांसाठी मागतो. आपण मागचा हिशेब चुकता करून मोकळे होतो.

मात्र लेखनसीमा नाहीशी झाली, असे म्हणता येणार नाही. कोणताही शासन निर्णय उघडून शेवटचे पान पाहा. ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ हे शब्द तिथे असतात. त्याच्या आधी त्या निर्णयाचा संकेतांक दिलेला असतो आणि आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याचे नमूद असते. कोणाच्या अधिकाराने लिहिले आणि लेखन कुठे संपले, या दोन प्रश्नांची उत्तरे तिथे आहेत. मोर्तब सूद याहून वेगळे काय सांगत होते? अर्धशासकीय पत्रात आजही पुष्कळ अधिकारी मायना आणि शेवटचे शब्द स्वतःच्या हाताने लिहितात. ती तर थेट जुनी रीत आहे.

आता ज्या कारणासाठी हे सारे लिहिले ते सांगतो. २०२३पासून मराठवाड्यात जुन्या नोंदींचा मोठा शोध सुरू झाला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने निजामकालीन उर्दू आणि मोडी कागद दप्तरांतून बाहेर आले. घरोघरच्या पेट्याही उघडल्या. ज्यांनी कधी मोडीकडे पाहिले नव्हते ते कागद घेऊन वाचणाऱ्याच्या शोधात फिरू लागले. ही फार चांगली गोष्ट घडली. पण माझ्याकडे जे येते ते बहुधा मोबाईलवर काढलेले छायाचित्र असते आणि त्यात हवी ती एक ओळ असते. वरचा मायना कापलेला, खालचा शेवट कापलेला, पाठीमागची बाजू तर कोणी पाहिलेलीच नसते. एका घराने तर नीट चौकोनी दिसावा म्हणून जीर्ण कागदाच्या तळाची दोन बोटे पट्टी कात्रीने कापून मग त्याला प्लास्टिकचे आवरण चढवले होते. त्या पट्टीवर शिक्का होता का, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

तेव्हा पेटी उघडाल तेव्हा कागद तळापर्यंत उघडा. शेवटची ओळ विज्ञापनेची आहे की आशीर्वादाची, ते पाहिले की लिहिणारा वडील होता की सेवक, हे कळते. अक्षर बदलले आहे का ते पाहा. खाली लहान वाटोळा डाग दिसला तर तो पुसू नका. तो डाग शाईचा नसून लेखनसीमेचा असू शकतो. छायाचित्र काढाल तर चारही कडा दिसतील असे काढा, पाठीमागचे निराळे काढा, आणि कागद प्लास्टिकमध्ये कोंडू नका. सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवलेले कागद आमच्या भागात पिढ्यानपिढ्या टिकले आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.